दोन लुगडी आणि एक पिशवी : बेळगाव जिल्ह्यातलं एक प्रकरण

"किती गेलं गं अंगावर?"

"दोन लुगडी भिजली की."

खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरात आत्याच्या बाळंतपणाची गोष्ट निघाली की रक्ताचा हिशेब याच मापात व्हायचा. लुगडं विरलेलं होतं की जाडंभरडं, आख्खं भिजलं की पदराकडून, हे कुणी कधी विचारलं नाही. आत्या वाचली, म्हणून ती गोष्ट चहाबरोबर सांगता यायची. ज्या वाचल्या नाहीत त्यांच्या बाळंतपणाचा विषय घरात निघतच नसे.

आता मी बी.फार्म.च्या मुलांना शिकवते. विद्यापीठं आणि औषध कंपन्या मिळून संशोधन कसं करतात हा भाग आला की वर्गातली उदाहरणं बोस्टनला सुरू होतात आणि फार तर हैदराबादच्या जीनोम व्हॅलीत येऊन थांबतात. मग मी त्यांना बेळगावकडे वळवते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मोजायचा कसा आणि थांबवायचा कसा, या एकाच प्रश्नावर इथे वीसेक वर्षं काम झालं. त्यात औषध उद्योग कधी फिरकलाच नाही, कधी एखाद्या कारागिरासारखा हाताशी आला, तर कधी करार करून बरोबरीने बसला. एकाच जिल्ह्यात, एकाच दुखण्यावर ही तिन्ही रूपं बघायला मिळतात, म्हणून हे प्रकरण मला शिकवायला सोयीचं वाटतं.

दुखणं काय होतं

बाळ आलं, वार पडली, की गर्भाशयाने आवळून मुठीसारखं घट्ट व्हायचं असतं. स्नायू आवळले की त्यांच्यातून गेलेल्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. तसं झालं नाही, तर दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पुरवणारी वाट उघडीच राहते. नैसर्गिक बाळंतपणात ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं की डॉक्टर त्याला रक्तस्राव म्हणतात, १००० च्या वर गेलं की गंभीर रक्तस्राव. धडधाकट बाई अर्धा लिटर निभावून नेते. हिमोग्लोबिन सात-आठवर असलेलीला तेवढंही भारी पडतं, आणि आपल्याकडे गरोदर बायकांत पांढुरकेपणा किती आहे ते वेगळं सांगायला नको.

उपाय माहीत होता : गर्भाशय आवळायला लावणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. मात्र ते २ ते ८ अंश तापमानात जपावं लागतं आणि टोचणारा जाणता हात लागतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाची कल्पना असलेल्यांना लाईटचं आणि रस्त्याचं काय होतं ते ठाऊक आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, म्हणजे तीनातलं एक घरी किंवा वाटेत. २००१-०३ च्या आकड्यांनुसार राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २२८ माता दगावत होत्या, देशात ३०१. यातल्या मोठ्या वाट्याला कारण रक्तस्रावाचंच.

कंपनीला नको असलेली गोळी

मिसोप्रोस्टोल ही मुळात पोटातल्या अल्सरची गोळी. अमेरिकेत सर्ल कंपनीने ती १९८८ मध्ये बाजारात आणली. ती गर्भाशयही आवळते, हे डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आलं. स्वस्त, तोंडाने घ्यायची, फ्रीज नको, सुई नको. खेड्यातल्या बाळंतपणासाठी याहून चांगलं काय हवं! पण त्याच गुणामुळे ती गर्भपातासाठीही चालते, आणि तिथेच कंपनीचा पाय मागे आला. ऑगस्ट २००० मध्ये सर्लने अमेरिकेतल्या डॉक्टरांना पत्रं धाडली : गरोदरपणात ही गोळी वापरू नका, आम्ही तिला त्यासाठी मान्यता मागितलेली नाही.

म्हणजे गोळी हातात, उपयोग दिसतोय, आणि तो सिद्ध करायला पैसे घालणारा मालक मात्र कुणी नाही. औषधविज्ञानात ही जागा नेहमी येते आणि आम्ही ती शिकवताना भरभर पुढे जातो. जुन्या, स्वस्त औषधाचा नवा उपयोग सिद्ध झाला तर फायदा सगळ्यांचा, खर्च मात्र एकट्याचा. मग कुठली कंपनी कशाला करेल?

इथे बेळगाव येतं. केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. भाषेचा वाद कितीही तापलेला असो, अडलेल्या बाईला घेऊन निघालेली जीप एक तर सिव्हिलला वळायची, नाही तर केएलईला. या महाविद्यालयाने अमेरिकेतल्या मिसुरी आणि इलिनॉय विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर ही चाचणी उभी केली. पैसा आला तो अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेकडून आणि गेट्स फाउंडेशनकडून. अमेरिकेच्या बाजूने रिचर्ड डर्मन, इकडून बी. एस. कोडकणी, शिवप्रसाद गौडर ही मंडळी.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५. ग्रामीण भागातल्या १६२० बायका. ८१२ जणींना बाळंत झाल्याबरोबर ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टोल, ८०८ जणींना तशीच दिसणारी कोरी गोळी. कुणाला काय मिळालं ते देणारीलाही ठाऊक नाही. आणि देणारी कोण? डॉक्टर नव्हेच. उपकेंद्रातल्या एएनएम, आपल्या भाषेत सिस्टर. अशा २५ सिस्टरांनी ही सगळी बाळंतपणं केली, गोळी दिली, रक्त मोजलं, कागद भरले. सरासरी काढली तर एकेकीच्या वाट्याला ६५ च्या आसपास बाळंतपणं येतात.

निकाल २००६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. गंभीर रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. थंडी वाजून येणं आणि ताप हे त्रास गोळीवाल्यांना जास्त झाले, पण ते थोड्या वेळात उतरले. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टोलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

वर्गात हमखास एक हात वर होतो : मॅडम, निम्म्या बायकांना कोरी गोळी का दिली? प्रश्न रास्त आहे. मिळणारं उत्तर असं, की त्या काळी घरच्या बाळंतपणात सिस्टरने ऑक्सिटोसिन द्यायची रीतच नव्हती. जे चालू होतं ते म्हणजे वाट बघणं. म्हणून कोऱ्या गोळीच्या गटाकडून काही काढून घेतलं गेलं नाही. माझं या उत्तराने पुरतं समाधान होत नाही. "इथे तसंही काही मिळत नव्हतं" हे कारण गरीब तालुक्यांच्या बाबतीतच का लागू पडतं, हा प्रश्न उरतोच. मात्र गोळीची तुलना नुसत्या वाट बघण्याशी केली नसती, तर सिस्टरच्या हाती गोळी द्यावी हे एकाही सरकारने मान्य केलं नसतं, हेही तितकंच खरं. मी मुलांना दोन्ही बाजू सांगते आणि तास संपवते.

पिशवी

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग गोळीचा नाही.

चाचणी आखताना पहिलीच अडचण उभी राहिली : रक्तस्राव कमी झाला हे ठरवायचं कशावरून? दोन लुगड्यांवरून? दवाखान्यातही तऱ्हा फार वेगळी नव्हती. डॉक्टर, नर्स नजरेने अंदाज करत, आणि नजर जवळपास नेहमी कमीच सांगते. रक्त चादरीत मुरतं, फरशीवर पसरतं, त्यात गर्भजल मिसळतं. जास्त गेलं असेल तेव्हा तर चूक आणखी वाढते.

मग या मंडळींनी एक साधी वस्तू बनवली. बाळ आल्यावर बाईच्या कमरेखाली सरकवायचं प्लास्टिक, वर पोटाला बांधायला पट्ट्या, खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी पिशवी आणि तिच्यावर छापलेली मापं. ३५० ला एक रेघ, ५०० ला दुसरी. पहिल्या रेघेला सावध व्हायचं, दुसरीला धावपळ सुरू. वाचता न येणाऱ्या सुइणीलाही रेघ दिसते. या पिशवीचं नाव ब्रास-व्ही असं पडलं, ते ती बनवणाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून. तयार करून द्यायचं काम तामिळनाडूत मदुराईच्या एका कंपनीने केलं.

पिशवी खरी ठरते का, हेही इथेच तपासलं गेलं. नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. नजरेने जितके रक्तस्राव ओळखले गेले, त्याच्या चौपट पिशवीने दाखवले. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आत्या आठवली.

उद्योगाच्या बाजूने बघितलं तर यात लाखो डॉलरची प्रयोगशाळा नाही, पेटंटची लढाई नाही. संशोधकांना हवी ती वस्तू मापात, स्वच्छ आणि दर वेळी सारखी बनवून देणारा कारखाना, एवढंच. पण ही "एवढंच" वाटणारी गोष्ट जुळली नसती तर १६२० बायकांचं रक्त मोजता आलं नसतं आणि लॅन्सेटमधले ते आकडे निघालेच नसते. भागीदारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी कंपनी येते. पिशवी शिवणारा, नळी ओतणारा, मापं छापणारा त्या यादीत नसतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्यांना हे कुणी जाऊन सांगायला हवं. कास्टिंग आणि हायड्रॉलिक्समध्ये मुरलेले हात तिथे आहेत, आणि काही किलोमीटरवरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला कधी काय लागेल हे त्यांना विचारायला कुणी जात नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

फ्रीजबाहेरचं इंजेक्शन

तिसरा टप्पा मोठ्या कंपनीचा. कार्बेटोसिन हे ऑक्सिटोसिनचं नातलग औषध फेरिंग या कंपनीकडे होतं. कंपनीने त्याची उष्णता सोसणारी आवृत्ती तयार केली. ३० अंशांत ती तीन वर्षं टिकते. बेळगावात एप्रिल-मे कितीही तापला तरी खोलीतल्या कपाटात ठेवता येईल असं इंजेक्शन.

जागतिक आरोग्य संघटना, फेरिंग आणि एमएसडी कंपनीचा मातृआरोग्य निधी यांनी मिळून चाचणी केली. २०१५ ते २०१८, दहा देश, २३ रुग्णालयं, जवळपास ३०,००० बायका. बेळगावचं महाविद्यालय त्यात होतं. बारा-पंधरा वर्षं सिस्टरांबरोबर काम करून, पिशवीने रक्त मोजण्याची सवय लावून इथे जी घडी बसली होती, ती आता कामी आली. कंपन्या अशा ठिकाणी येतात ते इमारत बघून नव्हे. वेळेवर, खरे भरलेले कागद मिळतील याची त्यांना खात्री हवी असते. गर्भवतींची नोंद ठेवायची शिस्त इथे गोळीच्या चाचणीनंतरही चालू राहिली होती. एकेका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टापूत वर्षाला साधारण ३०० ते ५०० बाळंतपणं होतात. त्यातली प्रत्येक टिपायची, बाई माहेरी गेली तर तिथवर माग काढायचा. सीमाभागात हे सोपं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असा रिवाज, आणि माहेर कुणाचं चंदगडला, कुणाचं गडहिंग्लजला. बाई राज्याची हद्द ओलांडते आणि दोन सरकारांच्या दोन वह्यांच्या मध्ये तिची नोंद हरवते.

चाचणीतली एक गंमत मी मुलांना नेहमी सांगते. नव्या औषधाचा सगळा मोठेपणा फ्रीज न लागण्यात. पण ऑक्सिटोसिनला फ्रीज लागतोच. एक फ्रीजमध्ये आणि दुसरं बाहेर ठेवलं, तर कुणाला काय टोचलं ते लगेच कळेल. म्हणून चाचणीत दोन्ही इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवली गेली. फ्रीजची गरज नसलेलं औषध फ्रीजमध्ये ठेवून तपासलं!

अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलेल्या किंवा आणखी औषध द्यावं लागलेल्या बायकांच्या प्रमाणात दोन्ही सारखीच ठरली : कार्बेटोसिन १४.५ टक्के, ऑक्सिटोसिन १४.४ टक्के. म्हणजे नवं औषध चांगल्या ऑक्सिटोसिनपेक्षा सरस नाही, बरोबरीचं आहे. त्याचा फायदा दिसणार तो बिघडलेल्या ऑक्सिटोसिनच्या गावात, आणि चाचणी झाली ती ऑक्सिटोसिन नीट जपणाऱ्या रुग्णालयांत.

या तिघांच्या करारात मला एक कलम महत्त्वाचं वाटतं. गरीब देशांच्या सरकारी दवाखान्यांना औषध परवडेल अशा किमतीत द्यायचं, हे आधीच ठरलं होतं. पुढे जाहीर झालेली किंमत साधारण ०.३१ डॉलर एका इंजेक्शनला. निकाल हाती आल्यावर किंमत बोलायला बसलं असतं तर कंपनीचं पारडं जड झालं असतं. आपल्याकडची महाविद्यालयं करार करताना मानधन, यंत्रसामग्री, शोधनिबंधावरचं नाव यावर भांडतात. औषध पास झालं तर ज्या तालुक्यांतल्या बायकांवर ते तपासलं तिथे ते कितीला आणि कधी मिळणार, हा मुद्दा बहुतेक वेळा कागदावर येतच नाही.

म्हशीचा पान्हा

मधल्या काळात ऑक्सिटोसिनवरच संक्रांत आली, तीही भलत्याच कारणाने. आमच्या भागात ऑक्सिटोसिन म्हटलं तर कुणाला कळणार नाही, "पान्ह्याचं इंजेक्शन" म्हटलं की गवळीवाड्यापासून सगळ्यांना कळतं. रेडकू मेलेल्या म्हशीला पान्हा सोडायला चोरून टोचतात ते. या गैरवापराला आळा घालायचा म्हणून केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली. एकट्या कर्नाटक अँटिबायोटिक्स या बेंगळुरूच्या सरकारी कंपनीने ते बनवायचं होतं. अख्ख्या देशाच्या बाळंतिणी एका कारखान्याच्या भरवशावर! डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. ही हकीकत सांगायचं कारण असं, की औषधाचा पुरवठा नुसत्या प्रयोगशाळेत आणि करारात ठरत नाही, गोठ्यातही ठरतो. फ्रीजशिवाय टिकणारा पर्याय हाती असणं किती मोलाचं, ते त्या सहा-आठ महिन्यांत दिसलं.

पिशवीने नुसतं मोजून काय होतं

आता परत पिशवीकडे. युरोपात १३ देशांतल्या प्रसूतिगृहांत अशाच मोजपिशवीची चाचणी झाली, २५,००० हून जास्त बाळंतपणांवर. निकाल २०१० मध्ये आला : गंभीर रक्तस्राव पिशवीने घटला नाही. कुणालाही वाटलं असतं, संपली पिशवीची कथा.

२०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतून, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांतून दुसरा निकाल आला. तिथे मापाची पिशवी होतीच, पण तिच्या जोडीला ठरवून दिलेलं काम होतं : रेघ गाठली की त्याच क्षणी गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सामिक आम्ल, सलाईन, तपासणी, हे सगळं एकदम, एकामागून एक वाट न बघता. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. जिथे जुनीच रीत चालू होती तिथे रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याच ओळखल्या गेल्या होत्या, पिशवीवाल्या रुग्णालयांत ९३ टक्के.

बेळगावच्या खेड्यांतल्या घरांसाठी बेतलेली कल्पना आफ्रिकेतल्या रुग्णालयांत अशी फळाला आली. दरम्यान इकडचं चित्रही बदललं. २०१९-२१ च्या पाहणीत कर्नाटकातली ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत, मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाखामागे ६९ वर आलं आहे. याचं श्रेय एका चाचणीला देणं बावळटपणाचं ठरेल. रस्ते, जननी सुरक्षा योजनेचे पैसे, आशा ताई, १०८ ची गाडी, सगळ्यांचं ते मिळून आहे.

आणि त्या २५ सिस्टर? शोधनिबंधात त्या आकड्याने आहेत, लेखकांच्या यादीत नावाने नाहीत. शोधनिबंधाच्या रिवाजात ते बसतं. मला खटकतं एवढंच.

गेल्या पावसाळ्यात खानापूर भागातल्या एका उपकेंद्रात मी मुद्दाम गेले होते. कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या सिस्टर निवृत्तीला आलेल्या, मराठी-कन्नड दोन्ही सफाईने बोलणाऱ्या. मी फोनवर पिशवीचं चित्र दाखवलं आणि या सगळ्या आकड्यांचं पुराण लावलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"असली पिशवी मी बघितलीय की. संपली की आम्ही खाली ट्रे ठेवतो."

"पण सिस्टर, ट्रेमध्ये माप कळत नाही ना."

"तुमचं मोजायचं बरोबर हाय हो मॅडम," त्या म्हणाल्या. "खरं, पाचशेच्या रेघेला रक्त आलं, मी फोन लावला, तर गाडी वर यायला किती वेळ लागतो ते पण कोणीतरी मोजा की."

बाहेर पाऊस इतका होता की समोरचा रस्ता दिसत नव्हता.